अतिविषाच्या नावाखाली आम्ही नक्की काय विकतोय? आयुष मंत्रालयाला एका काष्ठौषधी दुकानदाराचं खुलं पत्र

प्रति,
माननीय आयुष मंत्री, भारत सरकार
आणि राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळातले सर्व अधिकारी,

स.न.वि.वि.

मी साताऱ्यात काष्ठौषधींचं दुकान चालवते. आजोबांनी सुरू केलं, मग आबांनी चालवलं, आणि आबा गेल्यापासून १४ वर्षं मी बघतेय. दुकान मोठं नाहीये, दहा बाय बाराचा गाळा, भिंतभर पत्र्याचे डबे, एक काटा, एक सहाण. पण आसपासच्या गावात कुणाकडे बाळंतीण घरी आली की चार दिवसांत एखादी आजी पिशवी घेऊन येतेच, गुटीचं सामान द्या म्हणते, आणि मग मी एकेक डबा उघडते, हिरडा, मुरुडशेंग, वेखंड, मायफळ, काकडशिंगी, नागरमोथा, जायफळ, ज्येष्ठमध, आणि सगळ्यात शेवटी अतिविष, कारण ते महाग असतं आणि वेगळं तोलावं लागतं.

हे पत्र त्या अतिविषाबद्दल आहे. साधी तक्रार म्हणून लिहून झालंय, त्याचं काय झालं ते पुढे सांगते, म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

यंदा संक्रांतीनंतर माझ्या नेहमीच्या व्यापाऱ्याकडे दोन महिने अतिविष नव्हतं. गिऱ्हाईक परत जायला लागलं म्हणून मी दुसऱ्याकडून पाच किलो मागवलं. रेट जवळजवळ निम्मा होता, तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती, पण मागवलं. आबांची एक सवय मी सोडलेली नाही, कुठलाही माल आला की मूठभर कंद काढायचे आणि काउंटरवर एकेक मोडून बघायचे, त्याशिवाय डब्यात टाकायचे नाहीत. खरं अतिविष बाहेरून राखाडी असतं, करंगळीच्या दोन पेरांएवढं, खाली निमुळतं होत गेलेलं. दोन्ही अंगठ्यांनी जोर दिला की टक्कन तुटतं, आत खडूसारखं पांढरं, पिठूळ, आणि त्या पांढऱ्यावर चार-पाच काळपट ठिपके दिसतात. निघंटूंमध्ये, म्हणजे औषधींच्या जुन्या कोशांमध्ये, याची जी नावं आहेत त्यातलं एक आहे भंगुरा, म्हणजे पटकन मोडणारी, एक शुक्लकंदा, आणि एक घुणवल्लभा, म्हणजे घुणकिड्यांची लाडकी, ते तर आम्ही दर पावसाळ्यात बघतो, डब्याचं झाकण जरा सैल राहिलं तर महिन्याभरात तळाला नुसतं पीठ. आणि आणखी एक नाव आहे, शिशुभैषज्या, म्हणजे लेकरांचं औषध.

त्या पिशवीतले मी वीस कंद मोडले. अकरा बरोबर निघाले. तीन नागरमोथ्याच्या गाठी होत्या, वासावरूनच कळलं. आणि सहा मोडेचनात, अडकित्त्याने कापले तर आतून तपकिरी, शिंगासारखे कडक आणि जरा चकाकी असलेले.

नागरमोथ्याचं मला तेवढं वाटलं नाही, अतिविष मिळत नसेल तर मुस्ता, म्हणजे नागरमोथाच, घ्या असं जुन्या वैद्यांनीच सांगून ठेवलंय, फक्त मग ते सांगून विकावं आणि मोथ्याच्या भावाने विकावं. भीती वाटली ती त्या सहा कडक कंदांची. कारण अतिविष आणि बचनाग एकाच घराण्यातले, दोघांचंही शास्त्रीय आडनाव अकोनिटम. बचनागात अकोनिटिन असतं, ते थेट हृदयाच्या ठोक्यांवर जातं आणि अगदी थोडंसं पोटात गेलं तरी माणूस जाऊ शकतो, म्हणून तर वैद्य त्याचं शोधन, म्हणजे विष उतरवायची प्रक्रिया, केल्याशिवाय हात लावत नाहीत आणि औषध नियमांच्या अनुसूची ई(१) मध्ये ते विषारी द्रव्य म्हणून नोंदवलेलं आहे. अतिविषाच्या नावात विष असलं तरी त्यात अतिसिन वगैरे वेगळी द्रव्यं आहेत, ती तशी विषारी नाहीत, म्हणून ते पिढ्यानपिढ्या लेकरांच्या जिभेवर लागत आलंय. आता ते सहा कंद बचनागाचेच होते का, की अकोनिटमच्याच आणखी कुठल्या भावंडाचे, की अतिविषच पण कुणीतरी उकळून खराब केलेलं, हे मला सांगता येत नाही. मला सांगता येत नाही आणि मला सांगू शकेल असं माणूस माझ्या जिल्ह्यात मला सापडलं नाही, म्हणून हे पत्र.

व्यापाऱ्याला फोन केला तर म्हणाला, ताई सगळीकडे हाच माल चाललाय, मोडून बघणाऱ्या तुम्ही एकट्याच. पैसे परत दिले नाहीत. एका सरकारी कार्यालयात गेले, तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं, चहा पण दिला, आणि म्हणाले तयार औषधाची बाटली असेल तर सॅम्पल घेता येतं, सुटी मुळी आमच्याकडे येत नाही. दुसरीकडे गेले तर लेखी द्या म्हणाले. फेब्रुवारीत दिलं, मार्चमध्ये परत दिलं, दोन्हीची पोच माझ्याकडे आहे, उत्तर नाही. खाजगी लॅबला विचारलं तर एका सॅम्पलची फी जवळजवळ तेवढीच जेवढं मला त्या अख्ख्या पाच किलोत सुटलं असतं.

इथे एक गोष्ट मोकळेपणाने लिहिते, नाहीतर कुणी म्हणेल बाई स्वतःचा धंदा वाचवतेय. बाळाला पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही देऊ नका असं बालरोगतज्ज्ञ सांगतात, आणि मी दुकानात येणाऱ्या प्रत्येक आजीला हे सांगते, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गुटी सुरू करू नका म्हणते. काही ऐकतात, काही माझ्याकडे रागाने बघून समोरच्या दुकानात जातात. पण गुटी घराघरात उगाळली जातेय ही वस्तुस्थिती आहे, अतिविषाचे एक-दोन वेढे दात येताना, जुलाब लागले तर, ताप-खोकला असला तर. जे होतंच आहे ते बघायचंच नाही असं सरकारला करता येणार नाही, कारण सहाणेवर उगाळलेल्या गंधात कुठली मुळी खरी आणि कुठली खोटी हे आईला दिसत नाही हो.

आणि विषय फक्त गुटीचा नाहीये. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पंचविसाव्या अध्यायात कुठल्या कामाला सगळ्यात श्रेष्ठ द्रव्य कुठलं याची यादी आहे, त्यात अग्नी वाढवणारी, पचवणारी, जुलाब बांधणारी आणि सगळ्या दोषांवर चालणारी म्हणून अतिविषेचं नाव घेतलंय. अतिविष, पिंपळी, नागरमोथा आणि काकडशिंगी यांचं चूर्ण मधातून, हे बालचातुर्भद्र आजही वैद्य लिहून देतात. पोट बिघडलं की आपण सगळे जी कुटजघनवटी घेतो तिच्यात अतिविष आहे. महासुदर्शन चूर्णात आहे. म्हणजे माझ्या दुकानातून वर्षाला जाणारं थोडंसं अतिविष काहीच नाही, खरा खप कंपन्यांचा आहे.

आता ही मुळी येते कुठून. आमच्या सह्याद्रीत नाही येत ती. काश्मीर, हिमाचल, उत्तराखंड, तिथे साधारण अडीच हजार ते चार हजार मीटरवर, झाडांची रेषा संपल्यावर जी गवताळ कुरणं लागतात, ज्यांना तिकडे बुग्याल म्हणतात, तिथली. तिकडचे लोक अतीस म्हणतात, हिमाचलात पतीस. ऑगस्ट-सप्टेंबरात निळसर हिरवी, जांभळ्या शिरांची फुलं येतात. जमिनीखाली कंदांची जोडी असते, एक यंदाचा आणि एक त्याला चिकटून पुढच्या वर्षीचा. शास्त्रज्ञ त्यांना आई-कंद आणि लेक-कंद म्हणतात. फुलून बी झालं की आई-कंद सुकून जातो आणि पुढच्या वर्षी लेक-कंदातून झाड उगवतं. खणणारा माणूस मात्र दोन्ही काढतो, कारण वजन दोन्हीचं मिळतं, आणि बी पडायच्या आधीच काढतो, कारण उशीर केला तर दुसरा कुणीतरी काढणार. मग त्या जागी पुढच्या वर्षी उगवायला काहीच उरत नाही, बी पण नाही आणि कंद पण नाही. निसर्ग जपणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत अतिविष संकटग्रस्त म्हणून नोंदलेलं आहे. माझ्याकडे दोन महिने माल नव्हता आणि मग निम्म्या भावात भेसळीचा आला, याचं मूळ तिथे वर आहे असं मला वाटतं. खरी मुळी जितकी कमी होणार तितकी खोटी वाढणार, बाजार असाच चालतो, मी रोज बघते.

२०१९ च्या सप्टेंबरमध्ये आम्ही घरचे बद्रीनाथला गेलो होतो, तेव्हा परतताना चमोली जिल्ह्यातल्या एका गावात मी मुद्दाम दोन दिवस राहिले, जडीबुटीची शेती तिथे करतात असं ऐकलं होतं. एका ताईंच्या घरामागे कुटकीचे, ही पण हिमालयातली एक औषधी मुळी, वाफे होते आणि वर अर्ध्या तासाच्या चढावर अतीसचा एक छोटा तुकडा. त्यांनी खुरप्याने एक झाड उकरून दाखवलं, मोठा कंद काढून माझ्या हातावर ठेवला आणि छोटा लगेच परत मातीत दाबला, वरून दोनदा थोपटलं. सुकलेले कंद छपरावरच्या पठालींवर, म्हणजे दगडी पाट्यांवर पसरले होते. ४० वर्षं मी ती मुळी डब्यात बघत आले होते, ओली कधीच बघितली नव्हती. त्या म्हणाल्या, नंदाष्टमीच्या आधी बुग्यालातलं ब्रह्मकमळ तोडायचं नाही असा आमच्याकडे जुना दंडक आहे, पण आता वर येणारे लोक बाहेरचे असतात, त्यांना कुठली नंदाष्टमी. आणि शेतीचं विचारलं तर सांगितलं, लावल्यापासून तीन-चार वर्षांनी हातात काहीतरी येतं, आणि तेव्हा स्वतःच्याच शेतातली मुळी विकायला आधी नोंदणी, मग पाहणी, मग रवन्ना म्हणजे माल बाहेर न्यायचा परवाना, ही मुळी शेतातली आहे जंगलातली नाही हे आम्हालाच सिद्ध करावं लागतं, तोपर्यंत चोरून खणलेला माल मंडीत जाऊन विकूनही झालेला असतो.

आता माझ्या तक्रारी सरळ लिहिते.

पहिली आणि सगळ्यात मोठी, मुळीची ओळख पटवणं हे कुणाचंच काम नाहीये. आयुर्वेदिक औषध बनवायला लायसन लागतं, विकायला लागत नाही, माझ्या दुकानाला लागत नाही आणि त्या व्यापाऱ्यालाही लागत नाही. आयुर्वेदिक फार्माकोपियात, म्हणजे औषधांच्या सरकारी मानकांच्या पुस्तकात, अतिविष कसं दिसावं, त्याच्या कसोट्या काय, हे सगळं छापलेलं आहे, पण ते पुस्तक कंपनीच्या गेटच्या आत लागू होतं, माझ्या काउंटरवर नाही. ऑनलाइन तर विचारूच नका, रेडीमेड बाळगुटीची पाकिटं येतात, त्यातल्या काहींवर नुसतं 'अतिविष' एवढंच, शास्त्रीय नाव नाही, कुठून आलं नाही, कधी तपासलं नाही.

दुसरी, तुमच्याकडे माहिती आहे आणि तरी काम होत नाही. मंडळानेच करून घेतलेला मागणी-पुरवठ्याचा अहवाल २०१७ मध्ये आला, त्यात देशात ११७८ औषधी वनस्पतींचा व्यापार होतो आणि त्यातल्या २४२ वनस्पती वर्षाला १०० टनांपेक्षा जास्त लागतात असं आहे, एकूण मागणी ५ लाख १२ हजार टनांची. म्हणजे मोजता येतं. मग दर दहा वर्षांनी एकदा अहवाल काढण्यापेक्षा हिमालयातल्या या मोजक्या मुळ्यांचा हिशोब दरवर्षी का नाही? कुटकी आणि जटामांसी १९९७ पासून साइटीस, म्हणजे धोक्यातल्या जीवजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, परदेशात पाठवायला कागद लागतात, आणि देशातल्या देशात आरोग्यवर्धिनीत जवळजवळ निम्मी कुटकी असते ती कुठल्या डोंगरातून आली हे गोळी खाणाऱ्याला कळायचा काही मार्ग नाही.

तिसरी तक्रार लागवडीची. राष्ट्रीय आयुष अभियानात अशा दुर्मिळ वनस्पतींच्या लागवडीला ७५ टक्क्यांपर्यंत अनुदान ठेवलं होतं, चांगलंच केलं होतं. पण रोप लावायला पैसे देऊन काम संपत नाही, चार वर्षांनी तो माल कोण घेणार, कुठल्या भावाने घेणार, हे लावतानाच ठरलेलं पाहिजे. लागवड होऊ शकते हे हिमाचलातल्या लाहौलने दाखवून दिलंय, तिथे कुठ, म्हणजे आपण ज्याला कोष्ठ म्हणतो ती मुळी, विसाव्या शतकात शेतात पिकत होती आणि बाहेर जात होती, नंतर भाव पडला तसे शेतकरी बटाट्याकडे आणि वाटाण्याकडे वळले. त्यांना दोष कसा देणार, त्यांनाही घर चालवायचं असतं.

चौथी तक्रार कायद्याची, यात मी तज्ज्ञ नाही पण जे समजलं ते लिहिते. २००२ च्या जैवविविधता कायद्यात असं होतं की जंगलातली संपत्ती वापरून जो नफा कमावतो त्याने तिथल्या लोकांना वाटा द्यावा. डिसेंबर २०१८ मध्ये उत्तराखंड हायकोर्टाने स्पष्ट सांगितलं की देशी कंपन्यांनाही हा वाटा द्यावाच लागेल. ते वाचून मला खरंच बरं वाटलं होतं, चमोलीतल्या त्या ताईंना फोन करून सांगितलं होतं मी. मग २०२३ मध्ये कायदा बदलला, ग्रंथात लिहिलेलं पारंपरिक ज्ञान आणि लागवडीच्या औषधी वनस्पती यांना सूट मिळाली, आणि गुन्ह्याची तुरुंगाची शिक्षा जाऊन दंड आला. वैद्यांना सूट द्या, शेतकऱ्यांना द्या, मला पटतं. पण अतिविष तर चरकात लिहिलेलं आहे, मग 'ग्रंथातलं ज्ञान' म्हणून मोठ्या कंपन्याही सुटणार असतील तर बुग्याल राखणाऱ्या गावाच्या हातात काय पडणार, याचं उत्तर सोप्या भाषेत द्या.

आयुर्वेद दिन तुम्ही आता दरवर्षी २३ सप्टेंबरला ठरवलाय, जाहिराती होतात, योग होतो, परदेशात करार होतात, मला त्याचा अभिमानच आहे, माझं पोट यावरच चालतं. पण नेमक्या त्याच दिवसांत वर बुग्यालात खणती चालू असते हो.

माझ्या मागण्या फार नाहीत. प्रत्येक जिल्ह्यात नाही जमलं तर निदान प्रत्येक विभागात एक जागा ठरवा जिथे माझ्यासारख्या दुकानदाराला शंभर ग्रॅम मुळी देऊन, परवडेल अशा फीमध्ये, ठरलेल्या दिवसांत, ही कुठली वनस्पती आहे एवढं लेखी मिळेल. पुण्यात विद्यापीठात मंडळाचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे, तिथून सुरुवात करता येईल, नवीन बिल्डिंग बांधायची गरज नाही. लहान मुलांसाठी म्हणून जे काही विकलं जातं, सुटं असो की पाकिटातलं, ऑनलाइन असो की दुकानात, त्यातल्या अकोनिटम घराण्यातल्या मुळीची बॅचवार तपासणी सक्तीची करा, बाकी शंभर गोष्टी नंतर केल्या तरी चालतील पण ही आधी. लेबलवर शास्त्रीय नाव आणि 'लागवडीचं' की 'जंगलातलं' हे छापायला लावा, मराठीत. लागवडीच्या मालाला प्रमाणपत्र द्यायची योजना मंडळाकडे आहेच, ती ऐच्छिक आहे, संकटग्रस्त मुळ्यांपुरती ती कंपन्यांना बंधनकारक करा आणि प्रमाणपत्राचा खर्च शेतकऱ्यावर टाकू नका. कंपन्यांनी वर्षाला किती अतिविष, किती कुटकी, किती जटामांसी वापरली आणि कुठून घेतली हे जाहीर करू द्या, आम्ही दुकानदारही करू, मी माझी वही आजच दाखवायला तयार आहे. आणि शेतात पिकवणाऱ्याला रवन्ना पंधरा दिवसांत मिळालाच पाहिजे, वनखात्याशी काय बोलायचं ते तुम्ही बोला, चमोलीतल्या त्या ताईंनी किती वेळा जिल्ह्याच्या ठिकाणी गोपेश्वरला खेटे घालायचे.

माझ्याकडून मी एवढं केलंय की तोपर्यंत अतिविष विकणं बंद केलंय. गुटीच्या सामानात ती जागा रिकामी ठेवते आणि का ते सांगते. एक-दोन आज्या चिडल्या, एक म्हणाली तुझा आबा असता तर असं केलं नसतं. मला माहितीये आबांनी हेच केलं असतं.

ती पाच किलोची पिशवी मी वेगळ्या डब्यात ठेवलीय, झाकणावर लाल खडूने 'विकायचं नाही' लिहिलंय, मोडलेले वीस कंदही तारीख टाकून कागदाच्या पुडीत जपून ठेवलेत. तुमच्यापैकी कुणीही अधिकाऱ्यांनी यावं किंवा माणूस पाठवावा, मी पंचांसमोर सॅम्पल सीलबंद करून देईन, बिलाची कॉपी देईन, जबाब देईन. दुकान सकाळी साडेनऊ ते रात्री आठ उघडं असतं, सोमवारी बंद. फक्त पावसाळ्याच्या आधी या, एकदा हवा दमट झाली की घुण लागेल आणि मग तपासायला पीठच उरेल.

आपली,
काष्ठौषधी विकणारी एक दुकानदार,
सातारा